ग्लूटेन सुटलं, तल्लफ सुटत नाही. तुम्ही काय करता?

शेवंती

सिलिअ‍ॅकचं (गव्हासारख्या धान्यांतल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते, तो आजार) निदान होऊन आठ महिने झाले. गहू, जव, राय सगळं बंद. एकदाही चोरून खाल्लेलं नाही, हे आधीच सांगते, म्हणजे उपदेश वाचतील.

गेल्या आठवड्यात रात्री पाणी प्यायला उठले. घरच्यांसाठी आणलेला ब्रेड ओट्यावर होता. पाकिटाची क्लिप काढली आणि नुसता वास घेत उभी राहिले. किती वेळ ते माहीत नाही. मागून मुलगी आली, "आई, तू ब्रेड हुंगतेयस?" दोघी खूप हसलो. ती झोपायला गेल्यावर मात्र मला रडू आलं.

पोट भरलेलं असतं. भात, भाज्या, फळं, अंडी सगळं खाते. तरी संध्याकाळी चार-पाचच्या सुमारास आणि रात्री जीव कासावीस होतो. तोंडाला चाळा म्हणून बर्फ चघळायची नवीनच सवय लागलीय. ही भूक नाही, हे कळतं. मग काय आहे? तल्लफ म्हणावं तर ती तंबाखूची असते, साध्या ब्रेडची कशी असेल?

जुन्या मंडळींना विचारायचंय: हे कधी थांबतं का? आणि थांबेपर्यंत तुम्ही काय करता?

बेरकी बोका

ब्रेड हुंगणे हा गुन्हा नाही. अकरा वर्षं झाली मला, मी अजूनही बेकरीवरून जाताना चाल हळू करतो. बायको म्हणते, पूर्वी वळून बघायचास त्याची कारणं वेगळी होती.

खडीसाखर

शेवंतीताई, वासाने काही होत नाही, निर्धास्त हुंगा. कोरडं पीठ हवेत उडत असेल तिथे मात्र थांबू नका. ते नाकातोंडातून घशात आणि तिथून पोटात जातं. भाजलेल्या ब्रेडचा तो प्रश्न नाही.

'थांबतं का' याचं माझं उत्तर: थांबत नाही, विरळ होतं. पहिल्या वर्षी रोज, मग आठवड्याला. आता चार वर्षांनी आजारी असताना किंवा चिडलेली असताना होतं. आणि पाऊस पडला की.

अर्धविराम

थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी पहिलं दीड वर्ष 'त्याच्यासारखं' शोधण्यात घालवलं. ब्रेडसारखा ब्रेड, बिस्किटासारखं बिस्किट, पास्त्यासारखा पास्ता. महागडी पाकिटं आणायची, पहिला घास घ्यायचा आणि डोळ्यांत पाणी. कारण जीभ तुलना करायलाच बसलेली असते. नक्कल जितकी जवळची, तितका तिच्यातला उणेपणा जास्त बोचतो. मग वैतागून सगळ्या नकला बंद केल्या. सहा महिने फक्त असे पदार्थ खाल्ले ज्यांत गहू कधी नव्हताच. भात, मका, बटाटा, कडधान्यं, मासे. भाताशी तुलना करायला दुसरं काही नसतं, तो भातच असतो. त्या सहा महिन्यांत जीभ जुनी चव बरीचशी विसरली. त्यानंतर तोच नकली ब्रेड खाल्ला तर म्हटलं, अरे, बरा आहे की!

दुसरी गोष्ट. मला नूडल्सची भयंकर आठवण यायची. तांदळाच्या करून बघितल्या, समाधान नाही. खूप दिवसांनी लक्षात आलं की मला आठवतायत त्या शनिवारी रात्री पत्ते कुटून झाल्यावर चौघांनी एका भांड्यातून खाल्लेल्या नूडल्स. आता आम्ही पत्ते खेळतो आणि मध्ये खारे दाणे ठेवतो. तल्लफ गेली.

भटकभवानी

अर्धविराम, पहिल्या भागाला +१. दुसरा भाग छान आहे पण माझ्या बाबतीत साफ खोटा. मला खरंच नूडल्सच हव्या असतात. माणसं नकोत, पत्ते नकोत. एकटीने, पंख्याखाली बसून, मोठा वाडगा.

बेरकी बोका

भटकभवानी, तुमचा वाडगा, आमचे पत्ते. कट्टा करूया.

तोलूनमापून

आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे थोडं रुक्ष लिहिते. मूळ लेखात एक वाक्य सगळ्यांनी सोडून दिलेलं दिसतंय: बर्फ चघळायची सवय. ताई, तुमचं फेरिटिन (रक्ताच्या तपासणीत शरीरातला लोहाचा साठा यावरून कळतो) शेवटचं कधी तपासलं?

सिलिअ‍ॅकमध्ये लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावरचे बोटांसारखे उंचवटे (विलाय म्हणतात त्यांना) झिजून सपाट होतात. लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, आणि मार नेमका तिथेच जास्त बसतो. म्हणून सिलिअ‍ॅक आणि लोहाची कमतरता बऱ्याचदा हातात हात घालून येतात. बर्फ, माती, खडू, कच्चे तांदूळ असलं काही खावंसं वाटणं ही लोह कमी असल्याची जुनी, ओळखीची खूण आहे. बर्फाचं तर विशेष. तेव्हा चाळा म्हणून सोडून देऊ नका. गोळ्या मात्र मनाने सुरू करू नका, आधी तपासणी.

दुसरं, आठ महिने म्हणजे आतडं अजून भरून येण्याच्या वाटेवर असेल. मोठ्या माणसांत त्याला एक-दोन वर्षं, कधी जास्तही लागतात. ज्यांचं वजन घटलेलं असतं त्यांना या काळात सपाटून भूक लागते. वर्षानुवर्षं उपाशी ठेवलेलं शरीर थकबाकी वसूल करतं म्हणा. तिला हावरटपणा समजून स्वतःला बोल लावू नये.

तिसरं, चार-पाच वाजताचं. दुपारी काय खाता? 'ग्लूटेन-फ्री' शिक्क्याची बरीचशी पाकिटं म्हणजे तांदळाचं पीठ, टॅपिओकाचा स्टार्च, साखर आणि तेल. चोथा कमी, प्रथिनं कमी. रक्तातली साखर चढते आणि उतरते, की पुन्हा हात डब्याकडे. दुपारच्या जेवणात डाळ, अंडं, मासा, दही यांतलं काहीतरी भरपूर घ्या आणि आठवडाभर फरक बघा. (दुधाने पोट बिघडत असेल तर सध्या जपून. दुधातली साखर पचवणारं विकर (एन्झाइम) त्या उंचवट्यांच्या टोकाशीच असतं. आतडं सुधारलं की अनेकांना दूध पुन्हा चालायला लागतं.)

शेवंती

बर्फाचं मी सहज लिहिलं होतं. कच्चे तांदूळही तोंडात टाकते, ते लाजेने लिहिलं नव्हतं. तपासून घेते.

दुपारची डुलकी

मला सिलिअ‍ॅक नाही, बायकोला आहे. कुणी रागावू नका, पण महिन्यातून एकदा केकचा लहानसा तुकडा खाल्ला तर असं काय आभाळ कोसळतं? इतका जीव मारण्यापेक्षा थोडं खाऊन मन शांत केलेलं बरं ना?

खडीसाखर

आला, तो प्रश्न आला. अजून कसा आला नाही याचंच नवल वाटत होतं.

अर्धविराम

दुपारची डुलकी, रागावत नाही. आकडेच बघा. ब्रेडच्या एका कापात ढोबळमानाने २ ग्रॅमच्या वर ग्लूटेन असतं, म्हणजे २००० मिलिग्रॅम. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रुग्णांना तीन महिने रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लूटेन कॅप्सूलमधून दिलं, तर तेवढ्यानेही आतड्याच्या अस्तराला इजा झालेली दिसली. म्हणजे कापाचा चाळिसावा भाग. तो टेबलावर पडलेला चुरा असतो हो! आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे 'ग्लूटेन-फ्री' म्हणायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. आता त्यात तुमचा 'लहानसा तुकडा' बसवून दाखवा.

ही अ‍ॅलर्जी नाही आणि 'पचत नाही' असंही नाही. शरीराची संरक्षण यंत्रणा ग्लूटेन दिसलं की स्वतःच्याच आतड्यावर उलटते. महिन्यातून एकदा डिवचली काय आणि रोज डिवचली काय, तिला शांत होऊ दिलं नाही एवढं खरं.

निळी छत्री

हे मी स्वतः करून बसलेय म्हणून लिहिते. मला लक्षणं जवळजवळ नव्हतीच, बहिणीला निघाला म्हणून माझी तपासणी झाली होती. त्यामुळे वाटायचं, मला काही होत नाही ना, मग रविवारी एक बिस्किट. फक्त एक, फक्त रविवारी. पोट दुखलं नाही, काहीच नाही. वर्षाने रक्त तपासलं तर टीटीजी अँटिबॉडी (सिलिअ‍ॅकसाठी रक्तात मोजतात त्या) जिथल्या तिथे. दुर्बीण घातली, आतडं तसंच सपाट. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा खोटं बोलले. घरी येऊन खरं सांगायला फोन केला.

आणि मुख्य गोष्ट तल्लफेची. त्या एका बिस्किटाने मन शांत व्हायचं नाही. सोमवारपासून पुढचा रविवार मोजायचे. पूर्ण बंद केल्यावर दोन महिने जड गेले, मग मोजणंच संपलं. दुपारची डुलकी, बायकोला तुकडा देऊ नका. तिच्यासमोर तुम्ही केक खाणार असाल तर तिच्यासाठी तिचा केक आणा. बास.

दुपारची डुलकी

निळी छत्री, पटलं. माघार. अर्धविराम, तुम्हीही बरोबर, पण तुमचा प्रतिसाद वाचून मी आधी टेबल पुसून आलो.

चक्रमादित्य

सगळे मूळ मुद्दा विसरताय. गहू हे व्यसन आहे! त्यातून अफूसारखी द्रव्यं निघतात, म्हणून तर सुटत नाही. यावर संशोधन झालेलं आहे, डॉक्टर सांगत नाहीत एवढंच.

तोलूनमापून

चक्रमादित्य, अर्धी गोष्ट खरी आहे. ग्लूटेनचं पचन होताना असे तुकडे तयार होऊ शकतात जे शरीरात अफू जिथे चिकटते त्याच जागांना (रिसेप्टर) चिकटतात, हे १९७९ साली प्रयोगशाळेत दाखवलं गेलं. एक्सॉर्फिन असं नावही पडलं. पण काचेच्या नळीत चिकटणं आणि माणूस ब्रेडच्या नशेत असणं यांत बरंच अंतर आहे. तसले तुकडे दुधाच्या प्रथिनातूनही निघतात, मग दह्याचंही व्यसन म्हणायचं का? सवय, वास, आठवण आणि 'आता कधीच नाही' ही जाणीव, एवढ्याने तल्लफ पुरेशी समजते. व्यसन म्हटलं की माणूस स्वतःला गुन्हेगार समजतो. शेवंतीताई तशाही रडल्या आहेत.

बेरकी बोका

दह्याचं व्यसन आहे मला. कबूल.

मास्तर

अवांतर आहे, पण राहवत नाही. सॅम्युअल गी या इंग्रज डॉक्टरने १८८८ साली या आजाराचं वर्णन लिहिलं. गहू हे कारण आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, पण बरं व्हायचंच असेल तर आहारानेच होईल, हे त्याने ओळखलं होतं. त्याने एका मुलाची हकीकत दिलीय. त्याला रोज लिटरभराहून जास्त डच शिंपल्या (मसल) खायला घातल्या आणि पोरगं बाळसं धरू लागलं. शिंपल्यांचा हंगाम संपला, पुन्हा आजारी पडलं. पुढच्या वर्षी हंगाम आला तर पोराने शिंपल्यांना तोंड लावायला साफ नकार दिला!

पुढे १९२४ मध्ये सिडनी हास या अमेरिकन डॉक्टरने केळ्यांचा आहार आणला. मुलं सुधारायची, म्हणून केळ्यांत औषधी गुण आहे असं लोक धरून चालले. खरी मेख अशी की त्या आहारात ब्रेड वर्ज्य होता. बरं झालं म्हणून पूर्वीसारखं खायला लागलं की आजार परत. गव्हाकडे बोट दाखवलं ते विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. त्याला संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, ब्रेड मिळेनासा झाला, आणि सगळा देश उपाशी असताना ही मुलं तुलनेने बरी राहिली. ब्रेड परतला, दुखणं परतलं. १९५० साली त्याने यावर प्रबंध लिहिला.

सांगायचा मुद्दा: पथ्याचा कंटाळा हा आजाराइतकाच जुना आहे.

भटकभवानी

मास्तर, त्या शिंपल्यावाल्या पोराला माझा दंडवत. निदानानंतर मी सलग चार महिने भात खाल्ला होता, पाचव्या महिन्यात भाताचं पातेलं बघून ओरडले होते.

आणि खरं सांगू, तल्लफ वाढते ती एकसुरी खाण्यानेच. ज्वारी, बाजरी, नाचणी, राजगिरा, मका, कुट्टू अशी पिठं आलटून पालटून वापरायला लागल्यावर माझी अर्धी वखवख गेली. कुट्टूला इंग्रजीत 'बकव्हीट' म्हणतात, पण त्याचा गव्हाशी संबंध नाही, नावाला घाबरू नका. पीठ मात्र कुठे दळलंय ते बघा. गहू दळलेल्या जात्यातून आलेली ज्वारी आपल्याला चालत नाही.

पाकक्रियापद

मी घरी भट्टी लावते (छंद म्हणून), नवऱ्याला सिलिअ‍ॅक आहे. शेवंतीताई, ब्रेडमधलं नक्की काय आठवतंय ते वेगवेगळं करून बघा. आमच्याकडे तीन गोष्टी निघाल्या.

एक म्हणजे चिवटपणा. तो ग्लूटेनचाच. ग्लायडिनमुळे कणीक ताणली जाते, ग्लूटेनिनमुळे ती मागे ओढते. दुसऱ्या कुठल्याही पिठात हे जसंच्या तसं मिळत नाही. इसबगोलाची भुकटी पाण्यात भिजवून तिचं बुळबुळीत जेल पिठात मळा, सत्तर टक्के काम होतं. पीठ हाताला चिकटेल, नेहमीच्या कणकेपेक्षा पाणी जास्त लागेल, आणि गरम असताना कापलं तर आत लगदा दिसेल. पूर्ण गार होऊ द्या. हे शिकायला माझे पाच ब्रेड वाया गेले. पाचवा तर दाराला अडसर म्हणून वापरता आला असता.

दुसरं कुरकुरीतपण. ते बटाटा, मका, भाजलेला हरभरा कशातूनही मिळतं. त्यासाठी गव्हाची गरजच नाही.

तिसरा वास, आणि ही गंमत ऐकाच. ताज्या ब्रेडच्या कवचाला जो खमंग वास असतो त्यातला एक मुख्य रेणू आहे २-असिटिल-१-पायरोलिन. सुवासिक तांदळाच्या वासामागेही तोच आहे. पॉपकॉर्नच्याही! म्हणजे तुम्ही रात्री जे हुंगत होतात त्यातला मोठा वाटा मक्याच्या लाह्यांत बसलेला आहे. नवऱ्याला तल्लफ आली की मी भांड्यात लाह्या फोडते. झाकण उघडून तो आधी वाफ घेतो, मग खातो. दर वेळी चालतं असं नाही, पण दहातल्या सहा वेळा गाडी तिथे थांबते.

मास्तर

पाकक्रियापद, या माहितीत भर. बिंटुरोंग नावाचा एक झाडावर राहणारा प्राणी आहे, उदमांजराच्या कुळातला. त्याच्या मूत्राला पॉपकॉर्नचा वास येतो, आणि तिथेही रेणू हाच.

बेरकी बोका

शेवंतीताई, ब्रेडच हुंगा.

खडीसाखर

😂😂 मास्तर, कुठे नेऊन ठेवलात धागा!

निळी छत्री

हसून झालं असेल तर माझा एक प्रश्न. ब्रेड घरात ठेवावाच का? मी अख्खं घर ग्लूटेनमुक्त केलंय. समोर दिसत नाही, तर तल्लफ निम्मी. शिवाय टोस्टर, चाळणी, लाकडी पोळपाट, लोण्याच्या डब्यात गेलेली ब्रेडची सुरी ही सगळी भीती गेली.

अर्धविराम

असहमत. माझ्या आजारासाठी मुलांचा ब्रेड बंद केला तर मुलं माझ्या आजारावर रागावतील. आमच्याकडे एक फळी माझी, टोस्टर वेगळा, लोणी वेगळं, डब्यावर माझं नाव. समोर असूनही न खाण्याची सवय झाली, म्हणून बाहेर जेवायला जड जात नाही.

निळी छत्री

तुम्ही बिस्किट मोजणारे नव्हतात, अर्धविराम. मी होते. माझ्या घरात डबा नसलेलाच बरा.

अर्धविराम

हे मात्र मान्य.

ओलीसुकी

मुलाला सातव्या वर्षी निदान झालं, आता दहाचा आहे. वाढदिवसांना जायचं म्हटलं की रडारड व्हायची. मग फ्रीझरमध्ये त्याचे सहा कपकेक कायम तयार ठेवायला लागले. आमंत्रण आलं की एक निघतो, डब्यात जातो. एकदा विचारलं, सगळ्यात वाईट कशाचं वाटतं? मला वाटलं, केक म्हणेल. म्हणाला, "सगळे पटकन घेतात, मला आधी विचारावं लागतं." यावर माझ्याकडे उपाय नाही. लिहून ठेवलं इतकंच.

शेवंती

ओलीसुकी, तुमच्या मुलाचं वाक्य दोन दिवस डोक्यात आहे. माझंही तेच असावं. रात्रीच्या ओट्यावर कुणी विचारणारं नव्हतं ना.

सगळ्यांना उशिरा उत्तर देतेय. फेरिटिन तळाला गेलेलं निघालं, हिमोग्लोबिनही कमी. डॉक्टरांनी लोह सुरू केलं, पुढची तपासणी ठरलीय. तोलूनमापून ताई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. बर्फाची सवय दुसऱ्याच आठवड्यात गेली, कच्चे तांदूळही सुटले. दुपारी आता दोन अंडी किंवा वाडगाभर कडधान्य घेते, त्यामुळे चार वाजताचं बरंच निवळलंय.

ब्रेडची तल्लफ गेली का? नाही. काल रात्री पुन्हा उठले होते. या वेळी लाह्या फोडल्या, झाकण काढून वाफ घेतली. बरं वाटलं, अगदी ब्रेडसारखं नाही, पण बरं. आवाजाने मुलगी उठून आली. मी तिला रेणूबिणू सगळं समजावलं, बिंटुरोंगपर्यंत. आता घरात कुणीही पॉपकॉर्न फोडले की ती ओरडते, "आई, मांजर आलं!"

बेरकी बोका

मास्तर, याची जबाबदारी तुमची.

पाकक्रियापद

शेवंतीताई, इसबगोलाचा ब्रेड कधी करताय? पहिला दगड होईल. फोटो टाका.